फाळक्यावरची चूल

आमच्या भागात पौष महिना आला की शाळेची हजेरी पातळ होऊ लागते. वर्गशिक्षक गैरहजेरीचे कारण विचारीत नाहीत, कारण ते सगळ्यांना ठाऊक असते. पोरे आईबापांबरोबर सौंदत्तीला, यल्लम्माच्या डोंगरावर गेलेली असतात. मुख्याध्यापक या नात्याने मी दर वर्षी प्रार्थनेच्या वेळी 'अभ्यास बुडवू नका' असे बजावतो आणि त्याच आठवड्यात स्वतःच्या रजेचा अर्ज लिहितो. घरची वहिवाट मोडणे मुख्याध्यापकाच्याही अधिकारात बसत नाही.

सत्तरच्या दशकात, माझ्या लहानपणी, आम्ही बैलगाडीने जात असू. बेळगावपासून डोंगर ऐंशी किलोमीटरच्या आसपास. वाटेत मुक्काम पडत. पोचल्यावर जोगळभावीला आंघोळी, मग देवीचे दर्शन, भंडाऱ्याने पिवळी झालेली माणसे आणि सगळीकडून 'उधो उधो'चा गजर. गाड्या सोडून बैल बांधले की पुरुषमाणसे पाय पसरीत आणि बायका तीन दगड शोधायला निघत. पडल्या भरायच्या म्हणजे पुरणपोळ्या, वडे, भाजी, आमटी असा सगळा साग्रसंगीत स्वयंपाक. तो उघड्या माळावर, वाऱ्यात, धुरात, उकिडवे बसून व्हायचा. आम्ही पोरे जेवायच्या वेळेला हजर होत असू.

पुढे बैलगाडीच्या जागी ट्रॅक्टरची ट्रॉली आली. लोखंडी कमानी उभ्या करून वर ताडपत्री टाकली की ट्रॉलीचे घर होई. दर वर्षी त्या घरात काही ना काही भर पडे. कुणी बॅटरीवर दिवा लावला, कुणी कडेला पाण्याची टाकी बसवली, कुणी आत झोपायला फळ्या टाकल्या. आताशा माणसे बहुधा बसने किंवा भाड्याच्या गाडीने जातात आणि ट्रॉलीतून सामान जाते, कारण ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यात बसत नाही आणि वर्तमानपत्रात अपघाताच्या बातम्याही येत असतात. हे सगळे बदलले, पण चूल होती तिथेच राहिली. तीन दगडांच्या जागी गॅसची शेगडी आली, तीही मातीतच. घराघरात स्वयंपाकाचा ओटा येऊन तीस-तीस वर्षे झाली होती, पण यात्रेत बाई पुन्हा जमिनीवर उतरत होती. ट्रॉलीत सुधारणा करणारे सगळे पुरुष होते, एवढेच त्याचे कारण असावे.

2015 च्या यात्रेत माझी आई आमटीच्या पातेल्यापाशी बसली ती उठेचना. दोन सुनांनी काखेत हात घालून तिला उभे केले. ती काही बोलली नाही, पण परतताना ट्रॉलीतल्या पोत्याला टेकून म्हणाली, "माझं गुडघं काय आता डोंगराला यायचं न्हाईत. फुडल्या वर्साला तुम्ही जावा. मी घरातनं हात जोडीन."

मी तिला डॉक्टरकडे न्यायचे ठरवले. शिकलेला माणूस एवढेच ठरवू शकतो. धाकटा काही बोलला नाही. त्याने खिशातून टेप काढला आणि उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या मागच्या फाळक्याची उंची मोजली.

या धाकट्याविषयी थोडे सांगायला हवे. आम्ही दोघे भाऊ. मी एम. ए. झालो, शाळेत लागलो. तो दहावीला दोनदा बसला आणि दोनदा गणिताने त्याला परत पाठवले. मग बेळगावच्या उद्यमबागेत एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागला. तिथे बारा वर्षे लोखंड कापले, जोडले, घासले आणि शेवटी गावाबाहेर रस्त्याकडेला पत्र्याची शेड टाकून स्वतःचे वेल्डिंगचे दुकान काढले. नांगराचे फाळ, खिडक्यांच्या जाळ्या, गेट, ट्रॉलीची दुरुस्ती अशी कामे. गाव त्याला मिस्त्री म्हणते. मी त्याला तीस वर्षे उपदेश केला. तो ऐकून घेत असे आणि हातातले काम चालू ठेवीत असे.

वर्षभरात त्याने शेडमध्ये फावल्या वेळात एक पेटी बनवली. चार फूट लांब, दीड फूट खोल, दोन फूट उंच. एक इंची अँगलचा सांगाडा, त्यावर वीस गेजचा पत्रा. वर दोन जाड आकडे. ते बंद फाळक्याच्या काठात अडकवले की पेटी ट्रॉलीच्या मागे बाहेरून लटकायची. पुढचे झाकण खालच्या बिजागऱ्यांवर उघडून आडवे व्हायचे आणि दोन साखळ्यांवर तोलले जायचे. तोच ओटा. आत अर्ध्या भागात शेगडी, तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा, म्हणून वारा लागत नसे. वरचा पत्रा उघडत असे, म्हणजे वाफ-ज्वाळ कोंडायची नाही. उरलेल्या अर्ध्यात डबे ठेवायला दोन खण. सिलिंडर मात्र पेटीबाहेर, जमिनीवर उभा. पेटीच्या तळाला त्याने ओळीने भोके पाडली होती. मी विचारले, ही कशाला? म्हणाला, "गॅस हवेपरास जड असतोय आण्णा. गळला तर खाली साठतोय. त्याला वाट नको?" गणितात दोनदा नापास झालेल्या माणसाने विज्ञानाच्या शिक्षकालाही न सुचलेली गोष्ट केली होती.

पेटी घरी आणून ट्रॉलीला लावली आणि आईला समोर उभे केले. ओटा तिच्या छातीशी आला. धाकट्याने तिचा हात कोपरात दुमडायला लावला, कोपराच्या खाली चार बोटे मोजली आणि पेटी परत नेली. आकडे आठ इंचांनी लांब केले. ओट्याची उंची आईच्या कोपरावरून ठरली, आणि तीच आजतागायत चालू आहे.

2016 च्या जानेवारीत आईने डोंगरावर प्रथमच उभ्याने पुरण शिजवले. आजूबाजूच्या ट्रॉल्यांतल्या बायका बघायला आल्या. एक म्हातारी नाक मुरडून म्हणाली, "देवीचा निवद उभ्यानं करत्यात व्हय?" आईने पोळी उलटवता उलटवता उत्तर दिले, "देवी काय बसल्याली हाय व्हय माझ्यासाठी? तीबी डोंगरावर उभीच की." म्हातारी हसली आणि गुडघा चोळीत जवळच थांबली. बैलहोंगलकडच्या कन्नड बायका आल्या, त्यांनी झाकण उघडून-मिटून पाहिले आणि तिथल्या तिथे नावही ठेवले, 'ओले पेट्टिगे'. आम्ही मराठीत तिला नुसते 'पेटी' म्हणत होतो. चुलीची पेटी हे नाव तिला कन्नडमधून मिळाले. आता आमची बायकामाणसेही मराठी वाक्यात बेधडक 'ओलेपेट्टी' म्हणतात. भाषेचा प्रश्न 1956 पासून सुटलेला नाही, पण स्वयंपाकघराने त्याची फारशी वाट पाहिलेली नाही.

परत आल्यावर मागण्या सुरू झाल्या. पहिल्या सहा पेट्या धाकट्याने शेजारीपाजारी आणि पाहुण्यांना नुसत्या सामानाच्या खर्चात करून दिल्या. पैसे घ्यायला त्याला लाज वाटे. घरच्यासाठी केलेल्या वस्तूची किंमत कशी सांगायची? मग अनोळखी लोक येऊ लागले, तेव्हा त्याने 3,000 रुपये सांगायला सुरुवात केली. हा आकडा कुठून आला, ते त्यालाही सांगता आले नसते. तीन हजार म्हटले की गिऱ्हाईक फार कुरकुर करीत नाही, एवढाच त्याचा आधार.

2018 च्या दिवाळीत पाडव्याला वहीपूजन झाले. वही नवी होती आणि मागच्या वर्षीचीही नवीच होती, कारण तीत काही लिहिलेलेच नव्हते. मी ती घेऊन शेडमध्ये बसलो. म्हटले, "एका पेटीचा हिशोब सांग."

अँगल दहा किलो, पत्रा पंचवीस किलो. साठच्या भावाने 2,100. बिजागऱ्या, साखळ्या, रॉड, रेड ऑक्साईड आणि वरचा रंग मिळून 600. सामान झाले 2,700.

"म्हणजे तीनशे सुटत्यात की," धाकटा समाधानाने म्हणाला.

"दिवस किती जातात?"

"दोन. मी आणि पोरगा."

"बाहेर वेल्डिंगला गेलास तर दिवसाला काय मिळते?"

"सहाशे."

"पोराला काय देतोस?"

"साडेतीनशे."

मी लिहीत गेलो. त्याचे 1,200, पोराचे 700, वीज आणि ग्राइंडरच्या चकत्या 200. बेरीज 4,800. विकतो 3,000 ला. प्रत्येक पेटीमागे 1,800 रुपये तो स्वतःच्या पदरचे घालीत होता, आणि अशा अकरा पेट्या गेल्या होत्या. एकूण 19,800. त्याने वही हातात घेऊन बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "तू सांगतोस ते खरं हाय. खरं गिऱ्हाईक काय म्हणंल?"

आमच्या बोलीत 'खरं' हा शब्द 'सत्य' या अर्थाने येतो आणि 'पण' या अर्थानेही येतो. त्या वाक्यात तो दोन्ही अर्थांनी आला होता.

किंमत 5,500 ठेवली. गिऱ्हाईक म्हणायचे ते म्हणालेच. "माझ्या मेव्हण्याला तीनला दिलास आणि मला साडेपाचला?" यावर धाकट्याजवळ उत्तर नसे. तो वहीचे पान काढून समोर धरी. लोखंडाचा भाव सगळ्यांना कळत होता, माणसाच्या दिवसाचा भाव लिहून दाखवल्याशिवाय कळत नव्हता. काही जण निघून गेले. जे थांबले त्यांचे नाव, गाव आणि तारीख मी वहीत लिहायला लावली. हा माझा मास्तरी हट्ट होता. धाकट्याला तो कारकुनी उद्योग वाटे.

पेट्या चालू लागल्यावर माझ्यातला सुशिक्षित जागा झाला. म्हटले, याचे पेटंट घेऊ. चौकशी केली तेव्हा कळले की पेटंटसाठी वस्तू नवी असावी लागते, आणि अर्ज करण्याआधीच ती चारचौघांत वापरली, विकली की तिचे नवेपण संपते. आमची पेटी तर हजारो लोकांच्या यात्रेत तीन वर्षे उघड्यावर लटकत होती. पाठोपाठ दुसरा धक्का बसला. माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरीला असतो. त्याला पेटीचा फोटो पाठवला, तर त्याने उलट एक जुने चित्र पाठवले आणि खाली लिहिले, 'मामा, तुमच्या पेटीचे पणजोबा.'

ते चित्र एका घोडागाडीचे होते. टेक्सासमधले गुराखी हजारो जनावरांचे कळप हाकत आठवडेच्या आठवडे चालत, तेव्हा त्यांच्याबरोबर स्वयंपाकाची गाडी असे. चार्ल्स गुडनाइट नावाच्या पशुपालकाने 1866 साली सैन्याचा जुना गाडा घेऊन त्याच्या मागच्या अंगाला खणाखणांची पेटी बसवली. झाकण खाली उघडले की स्वयंपाक्याचे टेबल होई. भाच्याने आणखीही लिहिले होते. अमेरिकेत मोटारीमागे ओढायच्या लहान बिऱ्हाडगाड्या असतात. आत झोपायचे आणि मागचे झाकण वर उचलले की तिथे ओटा. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे तिथल्या कारागिरीच्या मासिकांत अशा गाड्यांचे नकाशे छापून येत आणि लोक घरामागच्या शेडमध्ये त्या बनवीत. हौस म्हणून बनवलेली अशी एखादी वस्तू शेजारी मागतो, मग शेजाऱ्याचा शेजारी मागतो आणि पुढे तिचे दुकान होते, ही गोष्ट तिकडेही जुनीच आहे.

मी जरा खट्टू झालो. धाकटा मात्र खूश झाला. "दीडशे वर्सामागं त्यानं हेच केलं म्हणजे आपलं चुकलं न्हाई," असे म्हणून त्याने ते चित्र छापून आणले आणि शेडमध्ये देवीच्या कॅलेंडरशेजारी लावले. येणारा-जाणारा ते पाही. त्या चित्रात उघड्या झाकणाखाली एक लाकडी पाय होता, जमिनीला टेकलेला. आम्ही दोघांनी ते चित्र रोज पाहिले, आणि तो पाय कधीच पाहिला नाही.

2020 च्या जानेवारीतली यात्रा. आम्ही पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी डोंगरावर पोचलो होतो. अंधार पडता पडता एक माणूस धाकट्याला शोधत आला. पलीकडच्या तळावर आमची पेटी लावलेली एक ट्रॉली होती. तिथल्या सुनेने कटाच्या आमटीचे पातेले शेगडीवरून उतरवून झाकणाच्या कडेला ठेवले होते. तेवढ्यात दोन पोरे धावत येऊन ट्रॉलीत चढली. ट्रॅक्टरपासून सोडवून टेकूवर उभी केलेली ट्रॉली पाट्यांवर हलली, साखळी क्षणभर सैल पडली आणि इंग्रजी एस अक्षरासारखा उघडा आकडा कडीतून सुटला. झाकण एका बाजूला कलंडले आणि आमटी तिच्या पावलावर सांडली.

आम्ही धावत गेलो. तिच्या सासूने पायावर गार पाणी ओतणे चालवले होते, तेच योग्य होते. गाडी मिळवून तिला सौंदत्तीला दवाखान्यात नेले. पाऊल भाजले होते, घोट्यापर्यंत फोड आले होते. धाकटा रात्रभर दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून होता. तिच्या नवऱ्याने त्याच्याशी एक शब्दही बोलला नाही. औषधाचे पैसे धाकट्याने भरले. ते परत करण्याचा आग्रह कुणी केला नाही आणि तो करावा अशी अपेक्षाही नव्हती.

आता मला जे सांगायचे आहे ते सोपे नाही. मी आयुष्यभर मूल्यशिक्षणाचे तास घेतले आहेत. शाळेच्या भिंतीवर सुविचार मी स्वतः लिहून घेतले आहेत. घरी परतल्यावर धाकटा म्हणाला, "एकतीस पेट्या गेल्यात बाहेर. सगळ्यांचे आकडे तसलेच हाईत. जाऊन बदलायला पाहिजेत." आणि मी, मुख्याध्यापक, त्याला म्हणालो, "एकीचा आकडा सुटला म्हणून तू घरोघर जाऊन सांगणार, माझा माल खोटा आहे? उद्या कोण घेईल तुझी पेटी? इथून पुढच्या नीट कर. ज्याची तक्रार येईल त्याची बदलून दे."

माझ्या बोलण्यात व्यवहार होता. पुष्कळ जणांनी हाच सल्ला दिला असता. धाकट्याने वाद घातला नाही. तो म्हणाला, "वहीतली नावं तेवढी कागदावर काढून दे."

मी नावे काढून दिली. 5,500 च्या चौदा पेट्या वहीत होत्या. आधीच्या सतरा त्याने आठवून आठवून सांगितल्या. कुणाचे गाव आठवे, नाव नाही. कुणाच्या ट्रॅक्टरचा रंग आठवे. दुसऱ्या दिवसापासून त्याने हातातली गेटची कामे बाजूला ठेवली. प्रत्येक झाकणाला मधोमध एक मिटता पाय बनवला, पाईपमध्ये पाईप घालून खालीवर होणारा, म्हणजे उंचसखल जागेवरही टेकेल. उघड्या आकड्याऐवजी स्प्रिंगची बंद कडी. एका पेटीमागे 450 रुपयांचे सामान. ते मोटारसायकलला बांधून तो गावोगाव फिरू लागला. पाय बोल्टने बसणारा होता, म्हणून नुसते ड्रिल नेले तरी भागत असे. त्याच्या मागे एका रविवारी मीही बसलो. उपदेशाची भरपाई म्हणून नव्हे, तर सगळे रस्ते कन्नड गावांतून जाणारे होते आणि धाकट्याला कन्नड येत असले तरी माफी मागायचे कन्नड येत नव्हते. मलाही येत नव्हते, असे तिथे गेल्यावर कळले. 'तप्पायितु री', चूक झाली हो, एवढे दोन शब्द दोघांनी मिळून म्हटले.

लोक काय म्हणाले? बहुतेकांना आधी कळेचना की हा पैसे मागायला आला आहे की काय. एका घरी पेटीत कोंबडीने अंडी घातली होती, ती उचलून दुसरीकडे ठेवेपर्यंत तासभर गेला. एका म्हाताऱ्याने पाय बसवून झाल्यावर झाकणावर स्वतः बसून पाहिले. दोन पेट्या शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. त्यांच्यासाठी तो पुढच्या प्रत्येक यात्रेत ट्रॉल्यांच्या रांगांमधून वाकून वाकून पाहत फिरतो.

शेवटी राहिले ते घर. ती सून काठी घेऊन चालत होती. जखम भरत आली होती. नवऱ्याने पेटीला हात लावू दिला नाही. गोठ्यातून ती ओढत आणली आणि म्हणाला, "नमगे ब्याड." आम्हाला नको. धाकट्याने 5,500 रुपये मोजून दिले. पेटी भाड्याच्या टेंपोत घातली. ती बाई दारात उभी होती. टेंपो सुरू होताना तिने धाकट्याला विचारले, नवी असते तिला पाय आहे का? आहे म्हटल्यावर तिने मान हलवली. बस, एवढेच. त्या घराने पुन्हा पेटी घेतली नाही.

अठ्ठावीस पेट्यांना पाय लागले. नुसत्या सामानाचे 12,600, परत दिलेले 5,500, शिवाय दवाखाना आणि पेट्रोल. चौदा पेट्यांवर प्रत्येकी 700 प्रमाणे सुटलेले 9,800 रुपये केव्हाच संपले होते. वहीत मी ती रक्कम कोणत्या सदरात लिहावी ते मला कळेना. धाकटा म्हणाला, "सामानातच लिही. पाय आधीच लावायचा व्हता, तो मागनं लावला."

त्यानंतर दोन महिन्यांत टाळेबंदी आली. देऊळ बंद झाले आणि पुढच्या हंगामात यात्रा भरली नाही. आम्हाला वाटले, पेटी संपली. पण जी माणसे शहरातली नोकरी सुटून गावी आली होती, त्यातल्या एकाने रस्त्यावर चहा विकण्यासाठी पेटी मागितली, हातगाडीला लावायला. मग दुसऱ्याने भजी तळायला. मग कार्तिकीला पंढरपूरला जाणाऱ्या दिंडीवाल्यांनी ट्रकसाठी मागितली, ऊसतोडीच्या एका टोळीच्या मुकादमाने दोन नेल्या. यात्रेच्या तीन महिन्यांवर असलेला धंदा असा वर्षावर पसरला. 2021 मध्ये लोखंडाचे भाव भडकले तेव्हा किंमत वाढवावी लागली, पण या वेळी हिशोब धाकट्यानेच मांडला आणि मला फक्त तपासायला दिला. बेरीज बरोबर होती.

कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. सरकारची 'उद्यम' नोंदणी 2020 पासून संगणकावर होते. एका दलालाने तिचे माझ्याकडून दीड हजार रुपये घेतले, आणि ती नोंदणी मुळात विनामूल्य असते हे मला नंतर कळले. मी विद्यार्थ्यांना 'फसव्या जाहिरातींपासून सावध' हा निबंध घालतो, ही गोष्ट धाकट्याने अजून कुणाला सांगितलेली नाही. जीएसटीची गोष्ट याहून मजेची आहे. वर्षाला चाळीस लाखांच्या आत माल विकणाऱ्याला आपल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. पण माल दुसऱ्या राज्यात पाठवायचा असेल तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी हवी. चंदगड तालुक्यात आमची निम्मी सोयरीक आहे. शिनोळी आली की महाराष्ट्र. तिथल्या आत्याच्या घरी पेटी पोचवायची तर ती कायद्याने परराज्यातली विक्री ठरते. आत्याला हे समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. ती म्हणाली, "माझ्या माहेरची वस्तू परराज्यातली व्हय रे?" शेवटी धाकट्याने नोंदणी करून टाकली.

आज शेडमध्ये तीन पोरे कामाला आहेत. त्यातली दोन माझ्याच शाळेची, दहावीला अडकलेली. धंदा मोठा झाला असे म्हणवत नाही. महिन्याला पाच-सहा पेट्या जातात. धाकट्याचे घर चालते, पोरांचे पगार वेळेवर होतात. बाकी गेट आणि जाळ्यांची कामे आहेतच. आई आता डोंगरावर जात नाही. गुडघ्यांनी नव्हे, वयानेच तिला थांबवले. मधली चार वर्षे मात्र ती ताठ उभी राहून डोंगरावर रांधून आली.

माझ्या नोकरीची थोडी वर्षे उरली आहेत. दर वर्षी दहावीच्या निरोप समारंभात मी भाषण करतो. ते आता थोडे आखूड झाले आहे. स्वतःसाठी वस्तू बनवणे ही कला आहे, हे मी पूर्वीही सांगत असे. तीच वस्तू परक्याला विकली की तिच्याबरोबर आपणही त्याच्या घरी जाऊन बसतो, आणि कधी ना कधी तो आपल्याला हाक मारतो, हे मला धाकट्याच्या मोटारसायकलवर मागे बसून कळले.

परत आणलेली ती पेटी त्याने विकली नाही, मोडलीही नाही. शेडच्या आढ्याला टांगून ठेवली आहे, जुन्या उघड्या आकड्यांसकट. नवे गिऱ्हाईक आले की तो काठीने तिचे झाकण पाडून दाखवतो. झाकण कलंडते, पत्रा वाजतो. मग तो नव्या पेटीचा पाय बाहेर ओढतो, जमिनीला टेकवतो आणि त्यानंतर किंमत सांगतो.